दर शुक्रवारी दहा थेंब

जा. क्र. भू/४७/२०२५
गिरगाव, ३ जून २०२५

प्रति,
श्री. जयवंत पेडणेकर,
निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
लालबाग.

विषय : नमुना क्र. ४१२ बाबत लेखी खुलासा.

महोदय,

विद्यार्थ्यांअभावी महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग ३० जूनपासून बंद होत असून विभागातील ९१६ खनिज नमुने वडाळा येथील नव्या संग्रहालयाकडे सोपवण्यात येत आहेत. पडताळणीत नमुना क्र. ४१२ (स्विट्झराइट, नॉर्थ कॅरोलिना, अमेरिका, प्राप्ती १९८७) नोंदवहीतील वर्णनाशी जुळत नसल्याचे आढळले. नोंद : रंग फिकट गुलाबी, मोत्यासारखी चमक. प्रत्यक्षात : गडद तपकिरी, चमक नाही. सदर नमुना १९८७ ते २०१६ आपल्या देखरेखीखाली होता. तरी आपला खुलासा पंधरा दिवसांत पाठवावा.

काका, वरचं सगळं समितीच्या भाषेत आहे, मनाला लावून घेऊ नका. हाताने लिहितेय ते माझं. चार महिने मी नुसती यादी करतेय. सकाळी यादी, दुपारी यादी, घरी गेल्यावर डोळे मिटले तरी यादी. ९१५ नमुने बिनबोभाट जुळले आणि हा एक अडकला.

सोबत चार ओळी टाइप करून पाठवल्यात : 'मी निवृत्त झालो तेव्हा नमुना तपकिरीच होता, नेमका केव्हा सुकला ते सांगता येत नाही.' खाली सही केलीत की विषय संपेल. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला आता कोणी काही करू शकत नाही.

एक चांगली बातमी. नव्या संग्रहालयाच्या दाराशी पितळी पाटी लागणार आहे. आजवरच्या चार विभागप्रमुखांची नावं, आणि पाचवं तुमचं. मी भांडून घालायला लावलंय. २५ जुलैला कार्यक्रम आहे, पहिल्या रांगेत खुर्ची तुमची.

तुमची,
मृणालिनी आगाशे
(प्रभारी विभागप्रमुख)


लालबाग, ९ जून २०२५

मॅडम,

पत्र मिळालं. आमच्या चाळीचा टॉवर झाला तेव्हापासून पोस्टमन वर येत नाही, खाली डबे लावलेत त्यात टाकतो. नात आली की डबा उघडते. म्हणून उत्तराला उशीर. फोन करू नका, कानातलं मशीन कुईं करतं आणि समोरचा काय बोलतो त्याऐवजी मला चौदाव्या मजल्यावरचा वाराच ऐकू येतो. लेखी मागितलंत, लेखीच देतो.

पाटीचं वाचून अंबिकाने खालच्या मजल्यापर्यंत बातमी पोचवलीसुद्धा. पस्तीस वर्षं मी कॉलेजात काय करतो हे तिच्या माहेरच्यांना कधी कळलं नव्हतं. "दगड पुसतत," एवढंच ती सांगायची. आता म्हणते, पाटीवर नाव आहे म्हटल्यावर त्यांना इस्त्रीचे कपडे घालून यावं लागेल.

आता टाइप केलेल्या कागदाचं. तो परत पाठवतोय, सही न करता.

३१ मे २०१६ हा माझा शेवटचा दिवस. मंगळवार होता. पाण्याचा वार शुक्रवार, तरी मी त्या दिवशी थेंब घातले, कारण पुढच्या शुक्रवारी मी नसणार होतो. त्याची काचेची नळी खिडकीशी धरून बघितली. गुलाबी होता. अभ्रकासारखे पातळ पापुद्रे, त्यावर उजेड पडला की आतून चमकायचे. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही शेजारी उभ्या होतात. तुम्हीच म्हणालात, "काका, आता हे माझ्याकडे."

रमाकांत सर विभागप्रमुख असताना त्यांनी तो आणला तेव्हा मला सांगितलं होतं, जयवंता, हा दगड आहे हे विसर. मासा समज. पाण्याबाहेर राहिला की गेला. सरांनी एका अमेरिकन पाहुण्याला पाषाणच्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट देऊन हा बदल्यात घेतला होता. नळीचं बूच तेव्हापासून नीट बसत नव्हतं. नवं बूच घ्यायचं तर तीन कोटेशनं मागवा, आणि मूळ नळी बदलायची नाही हा नियम. म्हणून दर शुक्रवारी ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटर. सगळं पाण्याच्या वहीत आहे : तारीख, किती थेंब, सही. वही बघा. ती माझा खुलासा समजा.

जयवंत पेडणेकर


गिरगाव, १६ जून २०२५

काका,

वही बघितली. समितीनेही बघितली. घोळ तिथेच झालाय.

तुमची वही १९८७ ते २०१६, एकही शुक्रवार चुकलेला नाही. तुमच्यानंतर परिचराची जागा भरलीच नाही म्हणून २०१६ पासून पाणी मी घालत आले, आणि माझ्याही वहीत खाडा नाही. शेवटच्या पानापर्यंत दर शुक्रवारी दहा थेंब, खाली माझी सही. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, पाणी जर दर आठवड्याला पडत होतं तर हा सुकला कसा? दोघांपैकी एकाची वही खोटी असणार. हसत म्हणाले, पण लिहून घेतलं.

हे खनिज किती दुर्मिळ आहे हे मी तुम्हाला काय सांगणार. मँगनीजचं फॉस्फेट, त्यात पाण्याचे सात रेणू. हवा लागली की तीन निघून जातात, चार उरतात, रंग काळवंडतो, नाव बदलतं. गेलेले तीन पाण्यात बुडवून ठेवलं तरी परत येत नाहीत. देशात दुसरीकडे कुठे असा नमुना असेल असं मला वाटत नाही. म्हणून समितीला जबाबदारी 'निश्चित' करायची आहे.

खरं सांगते, मी थकलेय. नव्या संग्रहालयात अभिरक्षकाची एकच जागा आहे आणि ती मला मिळेल असं जवळजवळ ठरलंय. नाव पक्कं होण्याआधी हा कागद पूर्ण व्हावा लागतो. ती जागा गेली तर मला हे ९१६ नमुने कुलपात घालून चावी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी दुसरं काय करणार? मला दुसरं काही येत नाही.

कागद पुन्हा पाठवतेय. विचार करा.

मृणालिनी


लालबाग, २१ जून २०२५

मॅडम,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, आणि मग मी अंबिकाला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. वहीत खाडा नाही म्हणजे लॉकडाऊनमध्येही नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पोलीस दांडा घेऊन उभे, आणि तुम्ही दर शुक्रवारी घरून कॉलेजात चालत गेलात, एका नळीत दहा थेंब घालायला. आणि हे आजवर कोणाला बोलला नाहीत.

म्हणून तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती फक्त रमाकांत सरांना माहीत होती आणि ते आता नाहीत.

त्र्याण्णवचा जानेवारी, दंगलीचा. लालबागला कर्फ्यू. आठ तारखेला शुक्रवार होता. माझा मेव्हणा दूधकेंद्रावर होता, दुधाच्या गाड्यांना पास असायचा. पहाटे पाचला त्याच्या टेम्पोत क्रेटांच्या मध्ये बसलो आणि धोबीतलावला उतरलो. कॉलेजला कुलूप. वॉचमन दत्ताराम आमच्याच गावचा, त्याने मागचं दार उघडलं. वर जाऊन बारा थेंब घातले, सही केली, त्याच टेम्पोने परत. पंधरा तारखेलाही तसंच. दुसऱ्या वेळी भायखळ्याला गाडी अडवली, सगळ्यांना खाली उतरवलं. हवालदाराने विचारलं, "तू दूधवाला?" मी हो म्हटलं. खिशात ड्रॉपर होता. त्याला वाटलं दुधात भेसळ करायचं काहीतरी, दोन कानफटात दिल्या. डावा कान तेव्हापासूनच जरा कमी.

त्या दिवशी परत येताना मला कसलाच राग नव्हता. उलट आतून हलकं वाटत होतं. माझ्या हातून आयुष्यात मोठं असं काही झालं नाही, मॅडम. ना परीक्षा, ना पदवी. पण एक गुलाबी रंग होता, तो मी जाऊ दिला नाही. पाटीवर नाव येणार म्हणालात तेव्हा मला पहिले ते दोन शुक्रवारच आठवले.

तुम्हीही तेच केलंत म्हणून सांगितलं. असं सांगायला आजवर कोणी भेटलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या वहीत बाराही महिने दहाच थेंब कसे? मला मे महिन्यात अठरा लागायचे आणि पावसाळ्यात चार पुरायचे. बूच बदलून मिळालं की काय? मिळालं असेल तर चांगलं झालं.

दगड का तपकिरी झाला ते मला खरंच कळत नाही. नळीला बारीक चीर गेली असेल. उजेडात धरून बघा. पण मी सही करणार नाही.

जयवंत पेडणेकर


गिरगाव, २७ जून २०२५

काका,

नळीला चीर नाही. बूच तेच आहे. मी गेले नव्हते.

हे एवढं लिहायला मला पाच दिवस लागले. तुमचं पत्र बॅगेत घेऊन फिरत होते. कॉलेजातून चर्नीरोडच्या पुलापर्यंत जायचे, तिथे उभी राहायचे, परत यायचे. लालबागला येऊन तोंडावर सांगावं असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. तुम्ही खाल्लेल्या त्या दोन थपडा वाचल्यानंतर तुमच्यासमोर बसायचं धाडसच नव्हतं.

२० मार्च २०२०, शुक्रवार. त्या दिवशी थेंब घातले आणि घरी आले. त्यानंतर ४ सप्टेंबरला गेले. मधले तेवीस शुक्रवार नळीकडे कोणीही फिरकलं नाही. माझं घर ते कॉलेज पायी पंधरा मिनिटं. गळ्यात ओळखपत्र होतं, प्राचार्यांचं पत्र मिळालं असतं. विसरले असते तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते. दर शुक्रवारी सकाळी आठवायचं.

आईला डिसेंबरमध्ये अर्धांगवायू झाला होता. लॉकडाऊन लागला आणि सांभाळायला येणाऱ्या कमलाबाई त्यांच्या गावी अडकल्या. आईला गिळता येत नसे. दर अर्ध्या तासाने चमच्याने पाणी द्यायचं, तेही मान धरून, नाहीतर ठसका लागायचा. घरात दुसरं माणूस नव्हतं. मी जिन्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. ९ ऑगस्टला ती गेली. त्यानंतरही जवळजवळ चार आठवडे मी घराबाहेर पडले नाही, त्याला काही कारणही नव्हतं.

सप्टेंबरमध्ये कपाट उघडलं. नळी कोरडी ठणठणीत, तळाला चहाच्या गाळासारखं काहीतरी. मी पाणी भरलं. तासभर बघत बसले. मला माहीत होतं काही होणार नाही, मीच शिकवते ते. मग वही घेतली आणि तेवीस ओळी एका बैठकीत भरल्या. दहा थेंब, सही. दहा थेंब, सही. थेंब ऋतूप्रमाणे बदलतात हे मला ठाऊकच नव्हतं, आधीही मी नेहमी दहाच घालत होते. तेवढंसुद्धा मी तुमच्याकडून शिकले नाही.

नंतर पाच वर्षं मी त्या मेलेल्या दगडाला दर शुक्रवारी पाणी घालतेय. या पाच वर्षांत एकाही विद्यार्थ्याने ते कपाट उघडायला सांगितलं नाही.

सत्त्याण्णवच्या जुलैत तुम्ही ती नळी माझ्या हातावर ठेवली होती. "हळू. जीव आहे त्यात," म्हणालात. मी केमिस्ट्री घ्यायला आले होते, दुसऱ्या दिवशी जाऊन विषय बदलला. आणि मीच तो घालवला.

तो कागद फाडून टाका. मागितला हीच चूक झाली. ११ जुलैला समितीची शेवटची बैठक आहे, तिथे काय सांगायचं ते मी बघेन.

मृणालिनी


लालबाग, ५ जुलै २०२५

चि. मृणाल,

मॅडम आज बाजूला ठेवतो.

दहा थेंबांचं मला कळलं नव्हतं. अंबिकाला कळलं होतं. मी तुझं आधीचं पत्र मोठ्याने वाचत होतो तेव्हाच ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "सगळीकडे धाच? ह्यां एका बैठकीत भरलेला हा." तिने बावीस वर्षं बालवाडी चालवली. हजेरीपट कसे भरतात ते तिला शिकवायला नको. मी तिच्यावर ओरडलो. माझ्या विद्यार्थिनीबद्दल असं बोलायचं नाही म्हटलं. आता दोन दिवस झाले, ती मला काही बोलत नाही, नुसती बघते. तेही मला ऐकू येतं.

आता मी तुला जे सांगितलं नाही ते सांगतो.

त्र्याण्णवच्या पंधरा तारखेला मी निघालो तेव्हा आमची अनुजा दोन वर्षांची होती आणि तापाने फणफणली होती. दवाखाने बंद. अंबिका दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "तुमी दगडाक पाणी घालूक जातास, चेडवाक पाणी कोण देतला?" मी तिला बाजूला करून गेलो. परत आलो तर शेजारचे तात्या पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि अंबिका मोरीत बसून रडत होती. पोरगी वाचली. आज वडाळ्याला राहते, तिची मुलगी पूर्वी आमचा डबा उघडते. पण अंबिकाने त्या दिवसानंतर माझ्या कॉलेजचं नाव घेतलं नाही. "दगड पुसतत" हे ती थट्टेने म्हणत नव्हती.

मी तुला तो शुक्रवार मोठ्या फुशारकीने सांगितला. सांगताना अर्धाच सांगितला. तू घरी राहिलीस. मी गेलो होतो. मी चुकलो का हे बत्तीस वर्षं मी स्वतःला विचारलं नव्हतं, तुझं पत्र वाचून विचारलं.

सोबत कागद आहे. तुझा टाइप केलेला नाही, माझ्या हाताने लिहिलेला आहे. समितीला दे. विचारू नकोस, दे. मला आता कोण काय करणार, हे तूच लिहिलं होतंस.

पाटीचं मनाला लावून घेऊ नकोस. पितळेच्या पाटीला दर आठवड्याला कोणीतरी चिंच लावून घासत बसावं लागतं.

जयवंतकाका

(सोबतचा कागद)

मी, जयवंत पेडणेकर, लिहून देतो की जानेवारी १९९३ मध्ये कर्फ्यूमुळे मी दिनांक ८ व १५ या दोन्ही शुक्रवारी कामावर गेलो नाही. त्यामुळे नमुना क्र. ४१२ सुकून तपकिरी झाला. ही गोष्ट मी वरिष्ठांपासून लपवली व पाण्याच्या वहीत खोट्या सह्या केल्या. डॉ. मृणालिनी आगाशे यांचा याच्याशी काहीही संबंध नाही.


वडाळा, १२ ऑगस्ट २०२५

काका,

पाच आठवडे तुम्हाला उत्तर नाही. का नाही ते तुम्हाला कळलं असेल.

मी तो कागद दिला.

११ जुलैला बैठकीला गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. एक तुमचा, एक माझा, खरा. माझी पाळी आली, अध्यक्ष म्हणाले, "आगाशे मॅडम, चौथ्या विषयाबाबत काय?" हात पर्समध्ये गेला आणि तुमचा कागद बाहेर आला. चुकून आला असं मी लिहिणार नाही. त्यांनी वाचला, शेजारच्याकडे सरकवला. ते हसणारे गृहस्थ म्हणाले, "चला, सुटलं." मग पाचवा विषय निघाला. वाहतुकीच्या खोक्यांचा.

कार्यक्रम झाला. पाटीवर चार नावं आहेत. पाचव्या नावासाठी पाडलेली दोन भोकं तशीच आहेत, ती बुजवायचं कोणाला सुचलं नाही. पहिल्या रांगेत तुमच्या खुर्चीवर कोणाचा तरी नातेवाईक बसला होता. मला जागा मिळाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. घरी येऊन मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले.

मला वाटलं होतं, दिवस जातील तसं हे बोथट होईल. पण इथे खोकी उघडायचं काम सुरू आहे. प्रत्येक नमुना कापसातून काढायचा, कपाटात ठेवायचा, समोर त्याचं लेबल उभं करायचं. सगळी लेबलं तुमच्या अक्षरात. ते टाकाने लिहिलेलं गोल अक्षर. दिवसाला पन्नास वेळा ते माझ्यासमोर येतं. गेल्या गुरुवारी ४१२ निघाला. त्याला जुनं लेबल चालणार नाही, कारण तो आता स्विट्झराइट राहिलेला नाही. नवं लिहायला कार्ड घेतलं. 'शेरा' हा रकाना आला आणि हात चालेना. तुमच्या कागदातलं वाक्य तिथे लिहायचं होतं. कपाटात लागलं की ते पन्नास वर्षं तिथे राहणार. येणारी प्रत्येक मुलगी ते वाचणार की जयवंत पेडणेकर नावाच्या माणसाने हा सुकवला आणि खोट्या सह्या केल्या.

तुम्ही त्या दोन शुक्रवारी मार खाऊन पाणी घातलंत. तुमच्या आयुष्यातलं तेच एक मोठं, असं तुम्हीच लिहिलं होतंत. आणि मला वाचवायला तुम्ही नेमके तेच दोन दिवस काढून दिलेत. इतर कुठलेही दिले असतेत तर कदाचित मी निर्लज्जपणे घेऊन बसलेही असते.

काल मी इथल्या संचालकांना लेखी दिलं, तेवीस शुक्रवारांसकट. त्यांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारी बघू." म्हणजे काय ते मला माहीत नाही. जागा बहुतेक जाईल. आश्चर्य म्हणजे काल रात्री झोप लागली, सलग सात तास.

सोमवारपर्यंत मी इथली अभिरक्षक आहे आणि लेबलं लावणं माझं काम आहे. म्हणून कोरं कार्ड इथल्या शिपायाबरोबर पाठवतेय. मजकूर मागे पेन्सिलीने लिहिलाय. ९१५ लेबलं तुमच्या हातची आहेत, हेही तुम्हीच लिहावं असं मला वाटतं. नाही म्हणालात तरी समजेन.

मृणाल


लालबाग, १४ ऑगस्ट २०२५

चि. मृणाल,

टपालाने चार दिवस लागले असते आणि तुझा सोमवार हुकला असता, म्हणून हे अनुजाबरोबर हातोहात पाठवतोय. ती तुला दारात भेटेल. तिचा ताप उतरलेला आहे, काळजी नको.

तू तो कागद दिलास त्याचा मला राग नव्हता. मीच दे म्हटलं होतं. पण खोटं बोलणार नाही, २५ तारखेला सकाळी मी उगाचच दाढी केली. अंबिकाने बघितलं, चहा दिला. कपाटातली इस्त्रीची जोडी तिने तशीच ठेवली होती. तुझं परवाचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाली, "पोरीन आवशीक पाणी दिल्यान. तां लिवा खंयतरी." आणि आत गेली.

टाक शोधायला दुपार गेली. शाई वाळली होती, पूर्वीने खालच्या स्टेशनरीवाल्याकडून नवी आणली. हात पहिल्यासारखा राहिलेला नाही, 'म' जरा कलला आहे. दुसरं कार्ड नाही म्हणून तसाच ठेवला.

तू पेन्सिलीने लिहिलेलं सगळं उतरवलंय, तुझ्या नावासकट. तुझं नाव गाळावं असं दोनदा मनात आलं. पण लेबलावर खोटं लिहायचं नाही हे तुला मीच पहिल्या वर्षाला सांगितलं होतं, आता मीच कसं मोडू. माझं नावही ठेवलंय. ते वाचून मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

एकच फरक केलाय. शेऱ्याच्या रकान्यात शेवटी अर्धी ओळ उरली होती. रमाकांत सर म्हणायचे, रकाना अर्धवट सोडू नये, मागाहून कोणी काहीही भरतं. म्हणून ती मी भरली. तुला विचारलं नाही. पक्क्या शाईत आहे, खोडता येणार नाही.

सोमवारी काय होतं ते कळव. जागा राहिली किंवा गेली, शुक्रवारी संध्याकाळी इकडे ये. लिफ्ट चालू आहे.

जयवंतकाका

(सोबत कार्ड)

क्रमांक : ४१२
नाव : मेटास्विट्झराइट (मूळ : स्विट्झराइट)
घटक : मँगनीज, फॉस्फेट, पाणी
रंग : तपकिरी. २०२० पर्यंत फिकट गुलाबी.
स्थळ : नॉर्थ कॅरोलिना, अमेरिका
प्राप्ती : १९८७
सांभाळ : जयवंत पेडणेकर, १९८७ ते २०१६
शेरा : मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात मृणालिनी आगाशे यांनी पाणी न घातल्याने सुकला. आई आजारी होती.